ऑफ-रोड पिकअपचं इंजिन: आधी टायर, मग गिअर, मग घोडे

जुनी फोर-बाय-फोर पिकअप घेऊन ती डोंगरात चालण्याजोगी करायची ठरली की पहिला प्रश्न हमखास इंजिनाचा येतो. महिंद्राचं जुनं, यांत्रिक पंपाचं डीआय डिझेल ठेवायचं, की इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं, थारमधलं सीआरडीई किंवा स्कॉर्पिओचं एमहॉक बसवायचं? खरं तर हा प्रश्न तिसऱ्या नंबरवर यायला हवा. टायर किती उंचीचा आणि गिअरांचं गणित काय, हे आधी ठरल्याशिवाय इंजिनाचं उत्तर निघत नाही.

उदाहरणासाठी माणसं आणि सामान धरून २ टन वजनाची पिकअप घेऊ. समोर ३० अंशांचा कच्चा, पण कोरडा आणि कडक चढ आहे. म्हणजे जवळपास दर दोन मीटरला एक मीटर वर. गाडीच्या वजनापैकी निम्मं, म्हणजे सुमारे ९,८०० न्यूटन, तिला मागे ओढतंय. चाकं लोळवायला लागणारा जोर धरला की १०,६०० च्या आसपास. ३१ इंची टायर वजनाखाली थोडा दबतो, त्यामुळे त्याची त्रिज्या ०.३८ मीटर धरू. गुणाकार केला की चाकांवर एकूण ४,००० न्यूटन-मीटर टॉर्क हवा.

आता बोलेरोचं २५२३ सीसीचं डीआय टर्बो बघा. ६३ हॉर्सपॉवर, १८० न्यूटन-मीटर. ऐकायला अगदीच मरगळलेलं. पण पहिला गिअर ४, लो-फोरचा (चारही चाकांना ताकद देणाऱ्या हळू गिअरचा) रेशो २.५ आणि क्राउन-पिनियनचा, म्हणजे ॲक्सलमधल्या शेवटच्या गिअरजोडीचा, ४.३ असेल, तर तिन्हींचा गुणाकार ४३ होतो. यालाच क्रॉल रेशो म्हणतात. इंजिनाचा टॉर्क चाकापर्यंत पोचताना ४३ पट होतो: १८० गुणिले ४३ म्हणजे ७,७४०. गिअर-बेअरिंगांत १५ टक्के गेले तरी साडेसहा हजार उरतात. गरज होती चार हजारांची.

पुढचा आकडा आणखी महत्त्वाचा. त्या चढावर चारही टायरांची पकड चांगली, म्हणजे ०.८ धरली, तर टायर घसरण्याआधी जमिनीवर जास्तीत जास्त ५,१०० न्यूटन-मीटर टिकतात. म्हणजे हे गरीब ६३ घोड्यांचं इंजिनसुद्धा लो-फोरमध्ये टायर फिरवून टाकतं. पावसात जांभ्या दगडाची लाल माती बुळबुळीत होऊन पकड ०.४ वर आली, तर २०-२२ अंशांच्या वर कोणतंच इंजिन गाडी नेणार नाही. तिथे कामाला येतात टायरची नक्षी, हवेचा दाब आणि डिफरन्शिअल लॉक, म्हणजे ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉकर. ज्यांनी इंजिनावर सगळं बजेट घालून लॉकरला पैसे ठेवले नाहीत, त्यांची गाडी एक चाक हवेत फिरवत उभी राहते. फक्त आवाज जास्त दमदार येतो.

मग मोठं इंजिन देतं काय? वेग. त्याच ३० अंशांच्या चढावर ६३ घोडे गाडीला साधारण १३ किलोमीटरच्या वेगाने चढवू शकतात. १२० घोड्यांचं एमहॉक २५ च्या वेगाने. दगडाधोंड्यात १३ च्या वेगाने कुणी जात नाही, तिथे ३-४ पुरतात. पण समुद्राकाठच्या भुसभुशीत वाळूत किंवा काळ्या मातीच्या चिखलात टायर वेगाने फिरून स्वतःची नक्षी साफ करत राहिला तरच गाडी पुढे सरकते. तिथे घोडे लागतात. आणि लागतात पुण्याहून कोकणात उतरताना, ३१-३३ इंची टायरांवर, मागे सामान भरून, हायवेला ट्रकच्या पुढे निघताना. गाडीचा वेळ कुठे जाणार, याचं खरं उत्तर आधी कागदावर लिहा. बहुतेक पिकअपांच्या दर शंभर किलोमीटरांतले नव्वद डांबरावरच जातात.

टायर मोठा केला की इंजिन आपोआप लहान होतं

मूळ २३५/७५ आर १५ टायरची उंची सुमारे ७३४ मिलिमीटर. ३३ इंची टायर ८३८ मिलिमीटरचा. फरक १४ टक्के. म्हणजे प्रत्येक गिअर १४ टक्के उंच झाला आणि १८० न्यूटन-मीटरचं इंजिन चाकापाशी १५८ चं झालं. गाडी ‘ओढत नाही’ अशी तक्रार इथून सुरू होते आणि मालक इंजिन शोधायला निघतो. ४.३ चं क्राउन-पिनियन काढून ४.८८ चं घातलं की जवळजवळ सगळं भरून निघतं. जुन्या विलीज घराण्याच्या जीपांत ४.८८ आणि ५.३८ असे रेशो असत ते याच कारणाने: इंजिन छोटं, काम अवजड. पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा हे वेगळं सांगायला नको, पण एकच हौजिंग (ॲक्सलची पेटी) उघडून काम उरकलेल्या गाड्या बाजारात येतात. फोर-व्हील टाकल्यावर अशा गाडीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) काही किलोमीटरांतच ओरडायला लागतो.

उलट बाजूचं उदाहरणही बघा. २९० न्यूटन-मीटरचं एमहॉक आणलं, पण पहिला गिअर ३.६५, लो-फोर २ आणि ॲक्सल ३.७ असलेल्या गाडीत बसवलं. क्रॉल रेशो २७. चाकावर ७,८३०. म्हणजे डीआयइतकेच. शिवाय ८०० आरपीएमवर डीआयची गाडी ताशी २.७ किलोमीटरने रांगते, तर ही ४.२ ने. उतारावर हा फरक जीवघेणा ठरू शकतो, कारण गाडी इंजिनवर धरून ठेवायची असते आणि ब्रेक मारला की ओल्या मातीवर मागचं अंग फिरतं.

टर्बो डिझेलमध्ये आणखी एक गोम आहे. कंपनी सांगते तो टॉर्क साधारण १,५००-१,८०० आरपीएमच्या पुढचा असतो. त्याखाली टर्बो झोपलेला असतो आणि हातात निम्म्याच्या जरा वर काहीतरी उरतं. दगडावर चाक टेकवून हळूच उचलताना इंजिन हजार-बाराशेवरच असतं. म्हणून दोन इंजिनांची तुलना करताना सर्वाधिक टॉर्कच्या आकड्याआधी तो कुठून सुरू होतो ते वाचा. क्रॉल रेशो कमी आणि टर्बो उशिरा जागा होणारा, ही जोडी क्लच जाळते. चालक आरपीएम टिकवायला क्लचवर पाय ठेवतो आणि दोन-तीन चढांत वास येतो.

वजन कमी करणं हा तर फुकटचा टॉर्क. मारुती जिप्सीचं १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन ८० हॉर्सपॉवर आणि फक्त १०३ न्यूटन-मीटर देतं, पण गाडीच टनाच्या आसपास असल्याने ती कुठे कुठे चढते हे सगळ्यांनी पाहिलंय. पिकअपवर जाड पत्र्याचे बंपर, विंच, रूफ रॅक आणि दोन स्टेपन्या चढवून मग ताकद कमी पडते म्हणणाऱ्याने आधी गाडी वजनकाट्यावर न्यावी.

तीन घराण्यांची इंजिनं

महिंद्राच्या पिकअपपुरतं बोलायचं तर निवड साधारण तीन गटांत मोडते. पहिला गट यांत्रिक पंपाच्या डिझेलचा: जुनं प्यूजो घराणं, मग डीआय आणि डीआय टर्बो. डिझेल, हवा आणि पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडला एक वायर, एवढ्यावर चालतं. पाण्यातून गेलं, बॅटरी बसली, वायरिंग जळालं, तरी ढकलून किंवा उतारावर सुरू करून घरी आणता येतं. तालुक्याच्या गावातला पंपवाला ते उघडतो. दोष असा की आवाज, धूर आणि थरथर भरपूर, आणि ८० च्या पुढे दम संपतो. पूर्ण डोंगरी वापर, ओझं आणि शेतीचं काम असेल तर मात्र याच्याइतकं मुकाट राबणारं दुसरं नाही.

दुसरा गट थारमध्ये २०१० पासून आलेल्या २४९८ सीसीच्या सीआरडीईचा: १०५ हॉर्सपॉवर, २४७ न्यूटन-मीटर. तिसरा २१७९ सीसीच्या एमहॉकचा, स्कॉर्पिओच्या अवतारात १२० हॉर्सपॉवर आणि २९० न्यूटन-मीटर. दोन्ही कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोजलांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल. रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो, त्यामुळे डिझेलमध्ये पाणी किंवा गाळ गेला की नोजल आणि हाय-प्रेशर पंप एकदमच जातात. खेड्यातल्या पिंपातून डिझेल भरणार असाल तर पाणी वेगळं करणारा फिल्टर जादा लावा आणि तळाचा स्क्रू दर आठवड्याला सैल करून पाणी काढा.

कॉमन रेल इंजिन बदलताना काम अडतं ते बहुतेक वायरिंगवर, लोखंडावर क्वचितच. ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) क्रँक आणि कॅम सेन्सर, रेल प्रेशर सेन्सर, इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटर पेडल, ब्रेक आणि क्लचचे स्विच, बऱ्याचदा गाडीच्या वेगाचा सिग्नल आणि चावीचा इमोबिलायझर, हे सगळं दिसावं लागतं. एक जरी हरवलं तरी इंजिन सुरूच होत नाही, किंवा लिंप मोडमध्ये जाऊन ठरावीक आरपीएमच्या वर चढत नाही. त्यामुळे नुसतं इंजिन विकत घेऊ नका. एकाच गाडीचं इंजिन, ईसीयू, पूर्ण वायरिंग, पेडल, चावी आणि तिची कॉइल असा संच घ्या. वायर कापून नव्हे, कनेक्टर सोडवून काढलेला. ‘हाफ इंजिन’, म्हणजे जोडभागांशिवायचं, स्वस्तात मिळालं म्हणून आणलेल्यांचा उरलेला पैसा आणि सहा महिने वायरिंगवाल्याकडे जातात.

१ एप्रिल २०२० पासूनची बीएस-६ इंजिनं जुन्या गाडीत बसवायचा विचार सोडून द्या. डीपीएफमधली (एक्झॉस्टच्या गाळणीतली) काजळी जाळायला एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो. लो-फोरमध्ये तासन्‌तास रांगताना तो तापत नाही. मग इंजिन जादा डिझेल फवारतं, त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. कंपनीतून असं इंजिन घेऊन आलेल्या गाडीतही डोंगरातून उतरल्यावर अर्धा तास हायवेला एका वेगाने पळवणं म्हणूनच चांगलं.

सगळ्यात कच्चा दुवा

टोयोटा हायलक्स भारतात २.८ लिटर डिझेलवर येते. मॅन्युअलमध्ये ४२० न्यूटन-मीटर, ऑटोमॅटिकमध्ये ५००. इंजिन तेच. मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी टॉर्क मुद्दाम कमी ठेवलाय. कंपनी जे जपते ते आपण गॅरेजमध्ये विसरतो. १८० न्यूटन-मीटरसाठी बनलेल्या गिअरबॉक्स, क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचा सांधा) आणि हाफ-शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) यांच्यामागे २९० चं इंजिन जोडलं आणि ४३ चा क्रॉल रेशो तसाच ठेवला, तर चाकांकडे साडेबारा हजार न्यूटन-मीटर निघतात. एरवी टायर घसरून ताण सोडतो. पण चाक दोन दगडांच्या बेचक्यात अडकलं आणि ॲक्सिलरेटर दाबला, तर तुटणारी गोष्ट टायर नसते. आधी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, नाही तर हाफ-शाफ्टचे स्प्लाइन पिळवटतात, नाही तर पिनियनचे दात जातात. यांतला क्रॉस जाणं सगळ्यात बरं, कारण तो वाटेत बदलता येतो. दोन क्रॉस आणि सर्क्लिप गाडीत ठेवावेत.

म्हणून इंजिनासोबत त्याचाच गिअरबॉक्स आणि क्लच घेणं शहाणपणाचं. दुसऱ्या घराण्याचा गिअरबॉक्स जोडायला ॲडॅप्टर प्लेट करावी लागते, आणि लेथवर नुसती भोकं जुळवून भागत नाही. क्रँकच्या मध्याला आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या मध्याला एकाच रेषेत आणावं लागतं. डायल गेज फ्लायव्हीलवर बसवून बेल हौजिंगच्या भोकाभोवती फिरवा, सुई ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलली तर डॉवेल (जागा धरणाऱ्या पिना) सरकवा. हे न केलेल्या गाडीत क्लच थरथरतो, पायलट बेअरिंग वाजतं आणि काही महिन्यांत गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग जातं. दोष मात्र ‘सेकंडहँड गिअरबॉक्स’च्या नावावर.

बसवताना कुठे अडतं

पानपाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) फोर-बाय-फोर गाडीत पुढचं हौजिंग इंजिनाच्या ऑइल चेंबरखाली वरखाली होतं. गाडी सपाटीवर उभी असताना चार बोटं जागा दिसते आणि मिस्त्री समाधानी होतो. पाट्यांचे बंप स्टॉप टेकेपर्यंत जॅकने हौजिंग वर उचलून बघा. तेव्हाही २५ मिलिमीटर उरले पाहिजेत. नसतील तर चेंबर कापून वेल्ड करावा लागतो आणि त्याबरोबर ऑइल ओढणाऱ्या गाळणीची नळीही. गाळणी तळापासून ६ ते १० मिलिमीटरवर हवी. जास्त वर राहिली तर तीव्र चढावर ती हवा ओढते, ऑइलचा दिवा क्षणभर लुकलुकतो आणि बिग-एंड बेअरिंगं तेवढ्या क्षणात घासली जातात. हा दिवा चढावर लागला तर ‘सेन्सरचा प्रॉब्लेम’ म्हणून सोडून देऊ नये.

इंजिन फाउंडेशनवर (त्याच्या रबरी पायांवर) बसवताना मागे ३-४ अंश झुकलेलं असावं, आणि ट्रान्सफर केसचा शाफ्ट व पिनियन समांतर राहावेत. समांतरपणा गेला की ५०-६० च्या वेगाला पायाखाली घुमल्यासारखी थरथर येते आणि कितीही बॅलन्सिंग केलं तरी जात नाही.

उष्णतेचं गणित साधं आहे: डिझेल इंजिन जेवढी ताकद चाकाकडे देतं, ढोबळमानाने तेवढीच उष्णता पाण्यात सोडतं. १२० घोड्यांसाठी ६३ घोड्यांचा रेडिएटर पुरणार नाही. त्यातून रांगताना समोरून वारा नसतो, सगळा भार पंख्यावर. पंख्याभोवती श्राउड (हवा वळवणारं कडं) हवाच, पाती त्यात अर्धी आत आणि अर्धी बाहेर, रेडिएटरपासून निदान २५ मिलिमीटर लांब. श्राउड काढून टाकलेल्या गाड्या हायवेला थंड आणि डोंगरात उकळत्या असतात. चिखलात चालून आल्यावर इंटरकूलर आणि रेडिएटरमधली माती इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी मारून काढावी. समोरून पाणी मारलं तर ती आणखी आत दाबली जाते.

ब्रेकही तपासा. डिझेलला पेट्रोलसारखा इनटेकचा व्हॅक्यूम नसतो. बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि बऱ्याच डिझेल गाड्यांत तो डायनमोच्या मागेच जोडलेला असतो. डायनमो बदलताना साधा लावला गेला की ब्रेक पेडल दगड होतं. हे पहिल्या उतारावर कळू नये.

जुनं इंजिन घेताना

कुर्ल्याच्या बाजारातून असो की गावच्या भंगारवाल्याकडून, इंजिन सुरू करून दाखवलं म्हणजे झालं असं नाही. चालू असताना ऑइलचं झाकण काढून उलटं ठेवा. झाकण नाचत असेल आणि वाफ फसफसत असेल तर रिंग गेल्यात. कॉम्प्रेशन गेजवर चारही सिलिंडरांतला फरक ३ बारपेक्षा जास्त नको, आणि डिझेलमध्ये कुठलाही २० च्या खाली असेल तर ओव्हरहॉलिंगचा खर्च धरूनच भाव करा. कॉमन रेल असेल तर चारही नोजलांच्या रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडून दोन मिनिटं चालवा. एका बाटलीत दुप्पट डिझेल साठलं तर तो नोजल गेला. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवा: आडवा किंचित हलणं ठीक, मागेपुढे जाणवण्याइतका हलला तर नाही.

आणि नंबर. इंजिनावरचा खोदलेला नंबर घासलेला किंवा पुन्हा पंच केलेला दिसला तर तिथूनच परत या. ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत आणि बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

इथे कायद्याचा मुद्दा येतो, आणि बऱ्याच बेतांचा निकाल तोच लावतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी आरसीतला तपशील जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या परवानगीने बदलून नवा नंबर आरसीवर चढवून घेणं हा सरळ मार्ग. पिकअप बहुधा मालवाहू म्हणून पिवळ्या पाटीवर असते. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेसला उभी राहते, आणि तिथे इंजिन नंबर बघतात. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअरही बघतो.

त्यामुळे आमचा कौल असा. आरसीवर डीआय असेल तर तेच इंजिन नीट बांधून घ्या: बोअर, रिंगा, बेअरिंगं, पंप कॅलिब्रेशन, टर्बो, नवा क्लच. वाचलेल्या पैशांत क्राउन-पिनियन आणि मागचा लॉकर. हायवेचा वेग खरंच हवा असेल तर इंजिन बदलण्याऐवजी इंजिनासकट गाडी बदला. स्कॉर्पिओ गेटअवे एमहॉक आणि फोर-व्हील-ड्राइव्ह घेऊन कारखान्यातूनच निघत असे. इसुझूच्या व्ही-क्रॉसमध्ये १.९ लिटरचं १६३ घोड्यांचं, ३६० न्यूटन-मीटरचं इंजिन मिळतं. त्यांची गिअरबॉक्स, रेडिएटर, वायरिंग आणि कागदपत्रं एकमेकांना ओळखतात.

बांधलेलं इंजिन गाडीत चढलं की लगेच चढावर नेऊ नका. पहिले ५०० किलोमीटर वेग बदलत, ओझं न भरता चालवा, मग ऑइल आणि फिल्टर बदला. जुनं ऑइल पांढऱ्या कापडातून गाळून बघा. चमकदार तांबूस कण दिसले तर बेअरिंगची कॅप उघडायची वेळ हीच. फाउंडेशन, बेल हौजिंग आणि प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट तेव्हाच टॉर्क रेंचने पुन्हा आवळून त्यांवर रंगाची रेघ मारून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी सैल झालेला बोल्ट नुसत्या नजरेने सापडेल.